रविवारचा हिशेब

आपाचा फोन रात्री साडेआठला आला की मी समजते, काहीतरी बोलायचं आहे आणि ते दुल्हाभाईंच्या समोर बोलायचं नाही. ते इशाच्या नमाजला मशिदीत गेलेले असतात. तेवढ्या अर्ध्या तासात आपा मन मोकळं करून घेते.

जानेवारीतल्या अशाच एका रात्री तिने विचारलं, "ही रविवारी काय करते गं तिकडे?"

ही म्हणजे माझी भाची, आपाची मोठी मुलगी. वय 24. भंडाऱ्यात बी.कॉम. केलं, नागपुरात टॅलीचा कोर्स केला आणि दीड वर्षापासून मिहानमधल्या एका कंपनीत अकाउंट्सचं काम करते. शंकरनगरजवळ तिघी मुलींनी मिळून खोली घेतली आहे. शनिवार-रविवार सुट्टी. महिन्यातून दोनदा घरी येते, उरलेले रविवार नागपुरात.

प्रश्न अचानक पडला नव्हता. कामठीहून एक रिश्ता आला होता. घर चांगलं, मुलगा शिकलेला. बोलणी पुढे सरकत होती. मग मुलाच्या खालाने कुणाच्या तरी मोबाइलवर भाचीचा एक फोटो पाहिला. फुटाळा तलावाच्या पायऱ्या, तीन मुली, भाचीच्या हातात भाजलेला भुट्टा आणि ती तोंड उघडून हसते आहे. डोक्यावर ओढणी आहे, अंगभर कपडे आहेत, आजूबाजूला पन्नास माणसं आहेत. तरी निरोप आला, "लडकी घूमती बहुत है क्या?"

"तू मास्तरीण आहेस. तुझं ऐकते ती," आपा म्हणाली. "जा, एक रविवार राहून ये. काय ते बघ. आणि सांग तिला, दर शनिवारी घरी येत जा म्हणावं."

(आमच्या घरात बोलणं उर्दू-हिंदीच्या मिश्रणात होतं. इथे मी ते मराठीत लिहिते आहे. ती वीस टक्के कमी टोचतं, एवढाच फरक.)

फोन ठेवल्यावर तो निरोप डोक्यातून जाईना. मी दोन भाषा शिकवते, त्यामुळे शब्दाला शब्द लावून बघायची खोड आहे. 'घूमना' मुलगा करतो तेव्हा तो शौक असतो, मुलगी करते तेव्हा चौकशी होते. मराठीत पुरुष हिंडला तर 'भटक्या', त्याच्या 'भटकंती'ची पुस्तकं निघतात. बाई हिंडली तर 'भटकभवानी'. उर्दूत 'सैलानी' म्हटलं की डोळ्यांसमोर खांद्यावर झोळी टाकलेला पुरुषच येतो. दोन्ही भाषांवर माझं प्रेम आहे, पण या एका बाबतीत दोघी सख्ख्या बहिणी आहेत.

शनिवारी सकाळची शाळा आटोपून मी एसटीत बसले. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. तेव्हापासून आमच्या भंडारा-नागपूर गाडीत बायकांची गर्दी वाढलेली मला रोज दिसते. दवाखाना, माहेर, बाजार, लग्न, सगळं असतं. पण मला या सवलतीतली वेगळीच गोष्ट आवडते. कंडक्टर विचारत नाही, "बाई, कशाला जाता?" तो फक्त "कुठे?" विचारतो. घरात आपल्याला कायम आधी 'कशाला' विचारलं जातं.

पूर्वी नागपूरला जायचं म्हणजे गणेशपेठच्या स्टँडपर्यंत ट्राफिकमध्ये तासभर. आता पारडीला उतरलं की प्रजापतीनगरचं मेट्रो स्टेशन भंडारा रोडवरच आहे. डिसेंबर 2022 मध्ये ही लाइन सुरू झाली. सरकत्या जिन्याजवळ मी दोन मिनिटं थबकले, मागून एका कॉलेजच्या पोरीने हात धरला, "चला काकू." शंकरनगरला भाची उभी होती. तिने माझी पिशवी घेतली आणि पहिलं वाक्य बोलली, "अम्मीने पाठवलं ना?"

मी म्हटलं, "पाठवलं. पण मला यायचंही होतं."

शनिवारची संध्याकाळ म्हणजे आपाला ज्याची भीती वाटते ती शहराची मौज. ती अशी होती. बादलीत आठवड्याचे कपडे भिजलेले. एक मुलगी वर्ध्याची, एक बालाघाटची. दोघींपैकी एक गॅससाठी फोनवर भांडत होती, दुसरी इस्त्री करत होती. भाचीने खिचडी टाकली. वर्ध्याची मुलगी शाकाहारी, म्हणून खोलीत अंडंसुद्धा शिजत नाही, आणि रमजानमध्ये तीच पहाटे गजर लावून भाचीला सहरीला उठवते. हे सगळं त्यांनी आपसात ठरवलेलं होतं. कुणी भाषण दिलं नव्हतं.

जेवण झाल्यावर भाचीने एक वही पुढे केली. "अम्मीला हिशेब हवा ना? हा घे."

अकाउंट्सवाली मुलगी. रुपयान् रुपया लिहिलेला. पगार 19,000. खोलीभाडं, डबा, मेट्रोचा पास, घरी पाठवलेले 7,000. त्याच्या खाली धाकट्या भावाच्या क्लासचे वेगळे. अब्बांच्या डोळ्यांच्या औषधाचे वेगळे. आणि चार ठिकाणी एक ओळ : 'रविवार – 150', 'रविवार – 200', 'रविवार – 90', 'रविवार – 240'.

महिन्याचे 680 रुपये. कामठीहून विचारणा झाली होती ती या 680 रुपयांची.

रविवारी फजरला उठलो. थंडी चांगलीच होती. सात वाजता ती म्हणाली, "खाला, चल, माझा क्लास बघायला." क्लास असा नव्हताच. सातआठ जण, मुलं-मुली, एक निवृत्त पोस्टमास्तर आणि एक शाळकरी मुलगा. दर रविवारी शहरातली एक जागा ठरवतात आणि तासभर बसून चित्र काढतात. फी नाही, शिक्षक नाही. त्या दिवशी झिरो माइल होतं.

झिरो माइल आपण सगळ्यांनी रिक्षातून पाहिलेलं असतं. वालुकाश्माचा खांब, चार घोडे आणि 1907 सालचा सर्वेक्षणाचा दगड. बाजूच्या दगडावर हैदराबाद, जबलपूर, सिवनी, छिंदवाडा अशी गावं आणि मैलांतली अंतरं कोरलेली आहेत. मी इतक्या वर्षांत ती कधी वाचली नव्हती. भाची खाली बसली, मांडीवर वही घेतली आणि घोडा काढायला लागली. पाय जमेना. तीनदा खोडला. "खाला, घोड्याचा मागचा पाय फार बेकार असतो. तो उलटा वाकतो." पोस्टमास्तर काकांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "माझा तर गाढवासारखा झालाय." दोघंही हसले.

मला काही काम नव्हतं. आणि त्या तासात मला स्वतःबद्दल एक विचित्र गोष्ट कळली. मला नुसतं बसता येत नाही. मी पर्स छातीशी धरून उभी राहिले. दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते. मोबाइल कानाला लावला, कुणाला लावलाच नव्हता. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, ही बाई कुणाची तरी वाट बघते आहे, हिला काहीतरी काम आहे. चव्वेचाळीस वर्षांची मी, एकवीस वर्षांची नोकरी, आणि भर सकाळी सरकारी फुटपाथवर उभं राहायला मला बहाणा लागत होता.

2011 साली शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींचं 'व्हाय लॉयटर?' नावाचं इंग्रजी पुस्तक आलं. मुंबईतल्या बायका शहरात कशा वावरतात याचा त्यांनी अभ्यास केला होता. त्यांचा मुद्दा साधा आहे : बाईला बाहेर पडायची परवानगी कामासाठी मिळते. शाळा, नोकरी, भाजी, मुलांना सोडणं. विनाकारण थांबायची परवानगी मिळत नाही. मी ते वाचलं तेव्हा मान डोलावली होती, मुंबईच्या बायकांचं आहे म्हणून. झिरो माइलला समजलं की त्यात मीही आहे.

बी.एड. मी नागपुरातच केलं, 2003-04 साली. मोमिनपुऱ्यात मामूंकडे राहायचे. सकाळी कॉलेज, दुपारी सराव पाठ, संध्याकाळी पाठाच्या टाचणवह्या. शहर म्हणजे माझ्यासाठी एक बसरूट होता. वर्षभरात एकदाच 'फिरायला' गेले, तेही चाळीस मुलींची सहल घेऊन अजब बंगल्यात. म्हणजे आपलं मध्यवर्ती संग्रहालय, 1863 पासूनचं. तिथे काय पाहिलं? मुली मोजल्या. एकोणचाळीस, चाळीस, एकोणचाळीस, चाळीस. फुटाळा ऐकून होते. अंबाझरी ऐकून होते. मामूंनी कधी अडवलं नाही, कारण मी कधी विचारलंच नाही. काय सांगून विचारणार होते? तलाव बघायचा आहे? कशाला?

आता एक गोष्ट लिहिते, जी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

चौदा वर्षांपूर्वी भंडाऱ्याच्या खांब तलावाजवळ संध्याकाळी मला माझी एक जुनी विद्यार्थिनी दिसली. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. दोन मैत्रिणींसोबत पाणीपुरी खात होती, मोठ्याने हसत होती. बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी रेशनच्या रांगेत तिचे अब्बा भेटले. मी म्हटलं, "काल बेबी दिसली तलावावर. संध्याकाळची वेळ होती, जरा लक्ष ठेवा." मी हे काळजीने म्हटलं. मला खरंच तसं वाटत होतं. आठवडाभरात तिचं कॉलेज बंद झालं. पुढच्या वर्षी लग्न झालं. तिने मला कधी काही विचारलं नाही. तिला माहीत आहे की नाही, मला माहीत नाही. तिची मुलगी आता माझ्या सहावीच्या वर्गात आहे, आणि मोठ्याने हसते. दर वेळी ती हसली की माझा खडू क्षणभर थांबतो.

तेव्हा कामठीच्या त्या बाईंना मी कोणत्या तोंडाने नावं ठेवू? फोटो बघून निरोप पाठवणारी मीच होते. फक्त तेव्हा फोटो नव्हता.

चित्रं झाल्यावर सगळे तर्री-पोहे खायला गेले. पोस्टमास्तर काकांनी पैसे द्यायला हात पुढे केला, मुलांनी देऊ दिले नाहीत. प्रत्येकाने आपले दिले. दुपारी भाची झोपली. चांगली दोन तास, घोरत. मी तिच्या उशाशी बसून मोबाइलवर एक जुनं उर्दू पुस्तक उघडलं.

पुस्तक अतिया फैज़ींचं, 'ज़माना-ए-तहसील', म्हणजे शिकण्याचा काळ. अतियाबी मुंबईच्या, तय्यबजी खानदानाच्या नात्यातल्या. बहीण नाज़ली बेगम जंजिऱ्याच्या नवाबांच्या घरात दिलेली, म्हणजे आपल्या मुरुडच्या. 1906 साली अतियाबी शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण घ्यायला लंडनला गेल्या, मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात. म्हणजे एका अर्थाने तेव्हाचं बी.एड.च. वय तिशीला टेकलेलं, लग्न झालेलं नाही. तिथून त्यांनी बहीण ज़ोहराला रोजचा वृत्तांत लिहून पाठवला. कॉलेज, वर्ग, बागा, संग्रहालयं, चहाची निमंत्रणं, भेटलेली माणसं. ज़ोहरांनी तो लाहोरच्या 'तहज़ीब-ए-निस्वाँ' या बायकांच्या साप्ताहिकात छापायला दिला आणि 1921 मध्ये त्याचं पुस्तक झालं. तब्येत बिघडल्यामुळे अतियाबी 1907 मध्येच परतल्या, प्रशिक्षण अर्धं राहिलं.

म्हणजे इकडे झिरो माइलचा दगड बसत होता त्याच साली, पडद्यात बसलेल्या कितीतरी बायका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मुंबईच्या एका मुस्लिम बाईची लंडनमधली भटकंती वाचत होत्या. ज़ोहरांनी ते लपवलं नाही. कुणी फोटो बघून विचारायच्या आत स्वतःच छापून टाकलं. घरातल्या बहिणीने केलेली ही सोबत मला फार मोठी वाटते.

आणि आज उर्दूच्या वर्गात अतिया फैज़ी हे नाव कशासाठी येतं? शिबलींनी आणि इक़्बालनी त्यांना पत्रं लिहिली म्हणून. मोठ्या माणसांच्या पत्रांवरचा पत्ता, एवढीच ओळख. त्यांनी स्वतः एक आख्खं शहर पायाखाली घातलं आणि लिहून काढलं, हे मी एम.ए. होईपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी फुटाळ्याला गेलो. भोसल्यांच्या काळचा तलाव. रविवारची गर्दी, भुट्टेवाले, फुगेवाले, नवीन लग्न झालेली जोडपी, म्हातारी माणसं, बुरख्यातल्या चार बायका आणि त्यांची डझनभर लेकरं. सूर्य पाण्यावर लाल झाला होता. भाचीने भुट्ट्याला लिंबू-तिखट जास्त लावून घेतलं.

मी विचारलं, "सुनसान रस्ता, उशीर, काही भीती नाही वाटत?"

ती म्हणाली, "वाटते. पण रविवारी नाही. सोमवार ते शुक्रवार वाटते. महिनाअखेरीला ऑफिसमधून सुटायला साडेआठ होतात. खापरी स्टेशनपर्यंत अंधारात येते, एकटी. तेव्हा अम्मीचा फोन येतो, 'पगार झाला का?' कधी म्हणाली नाही, एवढ्या रात्री कशाला फिरते. रविवारी उजेडात आम्ही तिघी बसतो, तेव्हा घराण्याची इज्जत जाते." मग थोडं थांबून म्हणाली, "मी दोनदा खोटंही बोलले आहे, खाला. रविवारी ओव्हरटाइम आहे म्हणून सांगितलं. कामाचं खोटं लगेच खपतं."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. काळजी खोटी नाही. आपाची नाही, माझीही नाही. शहरात मुलींना काय काय होतं ते आपण रोज वाचतो. पण जी काळजी कमाईच्या दिवशी झोपून राहते आणि सुट्टीच्या दिवशी जागी होते, तिला काळजी म्हणावं का, हा प्रश्न मला स्वतःला विचारावा लागला. मुलीचे पाच दिवस आपण वापरतो. सहावा धुण्यात जातो. सातवा तिचा एकटीचा आहे, आणि हिशेब आपण त्याच एका दिवसाचा मागतो.

सोमवारी पहाटेच्या गाडीने परत आले, शाळा गाठली, संध्याकाळी आपाकडे गेले. सगळं सांगितलं. खिचडी, वही, घोड्याचा पाय, भुट्टा. आपा ऐकत होती, तांदूळ निवडत होती. शेवटी म्हणाली, "ते ठीक आहे गं. पण आपल्यात हे बसतं का?"

मी म्हटलं, "हुज़ूर आणि बीबी आयशा शर्यत लावून धावले होते, ती हदीस तुला अब्बांनीच सांगितली होती ना? आधी आयशा जिंकल्या, नंतर कधीतरी हुज़ूर जिंकले आणि हसून म्हणाले, त्या वेळची फेड झाली. त्या धावण्यात काय काम होतं? काहीच नाही. मौज होती. मी दर वर्षी वर्गात सांगते. सांगून झाल्यावर मुलींना म्हणते, चला, आता रांगेत, हळू चाला."

आपा हसली नाही, पण तांदळातला हात थांबला. "कामठीला काय सांगू?"

"सांग, हो, फिरते. पगारातले सात हजार घरी देऊन फिरते. चित्र काढते. घोडा अजून जमत नाही. चालत असेल तर पुढचं बोलू."

"आणि नाही म्हणाले तर?"

तर काय, हे मला सांगता आलं नाही. खालाने असं बोलणं सोपं असतं, आईला ते महाग पडतं. आपाच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. मी तिच्याजवळचा तांदळाचा दुसरा ताट ओढला आणि निवडायला बसले. दुल्हाभाई नमाजहून येईपर्यंत आम्ही काही बोललो नाही.

कामठीला निरोप गेला की नाही, हे मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. तिकडून अजून कुणाचा फोन नाही.

परवा मात्र साडेआठला तिचा आला. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाली, "एसटीचं अर्धं तिकीट मेट्रोत पण चालतं का गं?"

मी म्हटलं, "नाही. मेट्रोत पूर्ण लागतं."

"बरं," आपा म्हणाली. आणि जरा वेळाने, आवाज खाली आणून, "त्या फुटाळ्याला पायऱ्या फार आहेत का? माझे गुडघे तुला माहीत आहेत."